मतदारांनी पाणी भरू नये

येत्या एक तारखेपासून आमच्या बिल्डिंगचं सरकार बंद पडणार आहे, ही बातमी मतदारांना मीच दिली. दुसरं कोण देणार? निवडून आलेला लोकप्रतिनिधी मी होतो. आणि कोणीही घाबरू नये अशा बेतानंच ती दिली होती. त्यानंतर जे झालं त्याला मस्कतच्या अल हैल भागात काही लोक अजूनही 'ओव्हाळांचा दुष्काळ' म्हणतात. हा शब्दप्रयोग अन्यायाचा आहे, म्हणून हा खुलासा.

आमच्या बिल्डिंगला पिवळी बिल्डिंग म्हणतात. ती पिवळी नाही. कधीकाळी होती म्हणे. आता तिचा रंग समोरच्या वाळूत इतका मिसळून गेलाय की नवा टॅक्सीवाला तिच्यासमोर उभा राहून फोनवर विचारतो, "साब, बिल्डिंग किधर है?" हा रंगच पुढच्या सगळ्या राजकारणाचं मूळ आहे, म्हणून सांगितलं.

बिल्डिंगचे मालक दोन भाऊ. भाडेकरू त्यांना थोरले अर्बाब आणि धाकटे अर्बाब म्हणतात. दोघेही अत्यंत सज्जन. दोघांची सही झाल्याशिवाय बिल्डिंगवर एक पैही खर्च होत नाही, अशी घटना त्यांच्या वडिलांनी करून ठेवलेली. कारभार बघायला खमीस नावाचा मॅनेजर. हा ओमानी गृहस्थ माझ्यापेक्षा बरं हिंदी बोलतो आणि मला ते दर वेळी जाणवू देतो. प्रत्येक घरातून गळक्या नळासाठी फोन येऊ लागल्यावर वैतागून त्यानंच सांगितलं, "तुम लोग एक आदमी चुनो. मैं उसी की सुनूँगा." म्हणून एका शुक्रवारी पार्किंगमध्ये निवडणूक झाली. माझ्याविरुद्ध पहिल्या मजल्यावरचा तानाजी धुमाळ उभा होता. तानाजी क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचं सिमेंट मोजलेला माणूस. मी गाला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत सेफ्टी इंजिनियर. लोकांनी मोजमापापेक्षा सुरक्षितता निवडली. किती मतांनी, ते सांगत नाही. तानाजीला अजून वाईट वाटतं.

तर महिना संपत आला असताना खमीसनं मला ऑफिसात बोलावलं, काहवा पाजला, खजूर पुढे सरकवला आणि म्हणाला, "देखो प्रफुल्लभाई. बडा अर्बाब बोलता है, पहले बिल्डिंग को रंग. छोटा अर्बाब बोलता है, पहले नया लिफ्ट. एक का कागज दूसरा साइन नहीं करता. एक तारीख को मेंटेनन्स का कॉन्ट्रॅक्ट खलास."

"फिर क्या होगा?"

"कुछ नहीं होगा," खमीस शांतपणे म्हणाला.

मला हायसं वाटलं. मग त्यानं वाक्य पुरं केलं. "पंप देखने कोई नहीं आयेगा. लिफ्ट देखने कोई नहीं आयेगा. टँकर को फोन कोई नहीं करेगा. कुछ भी नहीं होगा."

जगातल्या मोठमोठ्या देशांची सरकारं अर्थसंकल्पावर एकमत न झाल्यामुळे ठप्प होतात, हे मी वाचलं होतं. आपलं सरकार त्या पंगतीत जाऊन बसेल असं मात्र वाटलं नव्हतं. पण अशा वेळीच लोकप्रतिनिधीची कसोटी लागते. मी घरी आलो, स्वच्छ शर्ट घातला (निवेदन मोबाईलवर लिहायचं असलं तरी बनियनवर शब्दांना वजन येत नाही) आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर पहिलं निवेदन प्रसृत केलं:

'आदरणीय मतदारहो, येत्या शुक्रवारी, एक तारखेला, बिल्डिंगच्या सेवा बंद पडण्याची शक्यता आहे. घाबरू नका. मालकांच्या स्तरावर बोलणी सुरू आहेत. घाबरू नका. पाणी, लिफ्ट व सफाई याबाबत आपला प्रतिनिधी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवून आहे. तेव्हा घाबरू नका. आपला, प्रफुल्ल ओव्हाळ.'

माझी पत्नी वासंती वाचून म्हणाली, "घाबरू नका असं तीनदा का लिहिलंय?"

"जोर यावा म्हणून."

"आला," ती म्हणाली, आणि उठून बाथरूममध्ये गेली. बादली नळाखाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला, पण त्याचं राजकीय महत्त्व तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

त्याच संध्याकाळी पाचव्या मजल्यावरचे बदरुद्दीनभाई घरी आले. मूळचे रत्नागिरीकडचे, गालात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. एरवी हसतमुख माणूस, पण त्या दिवशी हलव्याचा डबा हातात असूनही चेहरा पडलेला.

"सायब, ता लिफ्टचा काय लिवलाव?" ते दारातूनच म्हणाले. "शुक्रवारी आमच्या रुबिनाचा साखरपुडा हाय. सोहारवरनं पावणं येनार. लिफ्ट चालंल ना ओ?"

"पाहुणे जिन्यानं आले तर व्यायाम होईल," मी विनोद केला.

"पावण्यांचा काय नाय. गुलबानू दादी येनार."

मग मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं. नवरा मुलगा झैन सोहारला बंदरात नोकरीला. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, दोन्ही घरं एकमेकांना पसंत. राहिली होती झैनची आजी गुलबानू दादी. ती म्हसळ्याहून खास यासाठी आलेली. त्यांच्या घरात कुठलीही सोयरीक दादीनं मान डोलावल्याशिवाय होत नाही. मागच्या वर्षी झैनच्या थोरल्या भावासाठी मस्कतमध्येच एक मुलगी बघितली होती. दादी मुलीच्या घरी पोहोचली ती तोंड फिरवूनच, आणि पाणीसुद्धा न पिता उठली. स्थळ गेलं. का, ते तिनं कोणालाच सांगितलं नाही. घरच्यांनी तर्क केला की गुडघे दुखतात, दगदग झाली असेल.

"तवा तिला आरामात वर न्यायची, बसवायची, पानी द्यायचा," बदरुद्दीनभाई म्हणाले. "येवढाच माज्या हातात हाय. आनि ता पन तुमच्या हातात."

त्यांच्यामागे रुबिना उभी होती. इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली. "ओव्हाळ काका, प्लीज," ती म्हणाली, "दादी नाही म्हणाली तर खलास. झैन बोलणारच नाही काही, तो तिच्यासमोर उभा पण राहात नाही नीट."

मी उठून उभा राहिलो. काही वाक्यं बसून बोलता येत नाहीत. "शुक्रवारी लिफ्टही चालू असेल आणि पाणीही असेल," मी म्हणालो. "हा माझा शब्द."

ते गेल्यावर वासंतीनं विचारलं, "लिफ्ट तुमची आहे का?"

"प्रश्न मालकीचा नाही. प्रश्न नेतृत्वाचा आहे."

शब्द दिल्यावर तो पाळण्यासाठी मी दुसरं निवेदन काढलं, पहिल्यापेक्षा जास्त धीराचं. त्यात मी लिहिलं की टाकीत आज भरपूर पाणी आहे, आणि मतदारांनी विनाकारण पाणी भरून ठेवू नये.

आता इथे मला माझ्या मतदारांबद्दल थोडं बोललं पाहिजे. पिवळ्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं आमच्याकडची: कोणी नागपूरचा, कोणी सोलापूरचा, कोणी संभाजीनगरचा, कोणी चिपळूणचा. सगळे वीस-वीस वर्षं ओमानात. चोवीस तास पाणी, चोवीस तास वीज. कोणाकडे दोन गाड्या आहेत. पण या प्रत्येक माणसाच्या आत, एसीच्या आणि पगाराच्या खाली, एक पोरगं अजून कळशी घेऊन उभं आहे, आणि त्याच्या कानावर 'पाणी' आणि 'जाणार' हे दोन शब्द एकत्र पडले की ते विचार करत नाही. ते भरायला लागतं. मी 'भरू नका' असं लिहिलं, हे त्या पोराच्या दृष्टीनं 'आता शेवटचं चालू आहे' असंच होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर तानाजी टॅक्सीच्या टपावरून दोन निळे ड्रम उतरवत होता.

"हे काय धुमाळ?"

"गालातून आणले."

"मी स्पष्ट लिहिलं होतं, घाबरू नका."

"तुम्ही घाबरू नका म्हणालात तेव्हाच एक ड्रम घेणार होतो," तानाजी म्हणाला. "भरू नका म्हणालात म्हणून दोन घेतले."

वर जाता जाता मी मतदारसंघाची पाहणी केली. दारं उघडी होती आणि प्रत्येक घरात नळ वाहत होते. भावना गजभियेंनी कुकर, इडलीपात्र आणि फुलदाणी भरली होती. कोणी पोरांचा फुगवायचा पोहण्याचा हौद बैठकीत फुगवून त्यात पाणी सोडलं होतं, आणि सोफा बाल्कनीत गेला होता. माझ्या स्वतःच्या घरात चहाच्या कपांपर्यंत भांडी भरलेली होती.

"तू सुद्धा?" मी वासंतीला म्हणालो.

"सगळे भरतायत. आपण नाही भरलं तर आपल्याच घरात नसेल. मग तुम्ही निवेदन काढत बसा."

माझी मुलगी श्वेता तिच्या खोलीतून ओरडली, "बाबा, आंघोळीच्या टबमध्ये मी पण पाणी साठवली. माझी पर्सनल."

गुरुवारी दुपारी बदरुद्दीनभाईंचा फोन आला. आवाज रडवेला. "सायब, नळाला पानी नाय ओ. रुबिनाच्या अम्मीनं उद्याचा मसाला वाटाया घेतलाय, हात धुवाया थेंब नाय." साहजिकच होतं. खालचे सगळे मजले भरत होते. वरच्या मजल्यावर पोहोचणार काय? मी टँकर मागवायला फोन केला, तर टँकरवाला म्हणाला की कॉन्ट्रॅक्ट संपतंय, मॅनेजरनं सांगितल्याशिवाय येणार नाही. खमीस फोन उचलेना.

माझा शब्द पणाला लागला होता. मी सरळ पहिल्या मजल्यावर तानाजीकडे गेलो आणि म्हणालो, "धुमाळ, तुमचा एक ड्रम जनतेसाठी हवा."

"कुठली जनता?"

"पाचव्या मजल्याची. पोरीच्या साखरपुड्याचा प्रश्न आहे."

तानाजी विरोधी पक्षाचा असला तरी माणुसकी सोडलेला नाही. त्यानं ट्रॉली आणली, भरलेला ड्रम तिच्यावर चढवला, आणि आम्ही दोघे लिफ्टच्या दारापाशी आलो. सेफ्टी इंजिनियर म्हणून मला इथे एक गोष्ट नोंदवायची आहे: ड्रमचं झाकण नीट बसलंय का, हे मी विचारलं होतं. तानाजी म्हणाला, "मोजून बसवलंय." मग ट्रॉलीचं चाक लिफ्टच्या उंबऱ्याला अडकलं, आम्ही जोर लावला, आणि मोजून बसवलेलं झाकण लिफ्टच्या आरशावर आदळलं. निम्मा ड्रम लिफ्टमध्ये सांडला. त्यातलं बरंच पाणी फटीतून खाली गेलं, जिथे माझ्या माहितीप्रमाणे विजेची पुष्कळ कामं असतात.

"चालतंय," तानाजी म्हणाला आणि पाचचं बटण दाबलं.

चाललं. दीड मजला. मग दिवा गेला, पंखा गेला, आणि लिफ्टनं एक लांब उसासा सोडून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये कायमचा मुक्काम केला. घोट्यापर्यंत पाण्यात, अंधारात, मी आणि माझा पराभूत प्रतिस्पर्धी.

"ओव्हाळ," थोड्या वेळानं तानाजीचा आवाज आला, "पुढच्या वेळी मी उभा राहणार नाही."

"का?"

"तुम्हीच राहा. मला बघायचंय अजून काय काय होतं."

बाहेरून वॉचमननं दार बडवलं. "साब! अंदर आप है क्या? साब, पंप भी गया! सब लोग एक साथ पानी खींचा, टाकी खाली, पंप सूखा चलके जल गया!"

आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला. त्या लिफ्टमध्ये एरवी कधीच नेटवर्क नसतं.

"मुबारक हो प्रफुल्लभाई!" खमीस अत्यानंदात होता. "फोन नहीं उठाया, सॉरी, अर्बाब लोगों के घर में था. उनकी अम्मा ने दोनों को खाने पे बुलाया. बोली, जब तक साइन नहीं, तब तक मच्छी नहीं. दोनों ने साइन किया! रंग भी, लिफ्ट भी. कॉन्ट्रॅक्ट चालू. कुछ बंद नहीं होगा!"

"खमीसभाई," मी म्हणालो, "सब बंद है."

मग त्यानं विचारलं, "किसने बंद किया?"

लोकशाहीत काही प्रश्नांची उत्तरं लगेच द्यायची नसतात. मी म्हणालो, माणूस कधी पाठवता? खमीस म्हणाला, "संडे. कल जुम्मा, परसों छुट्टी." म्हणजे सरकार चालू झालं होतं, पण सुट्टीवर होतं.

वॉचमननं किल्लीनं तिसऱ्या मजल्याचं दार उघडलं तेव्हा मजल्याची फरशी माझ्या छातीशी होती. बाहेर मतदार गोळा झालेले. तानाजी माकडासारखा वर गेला. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. मी अर्धा बाहेर आणि अर्धा आत असताना श्वेता मोबाईल धरून म्हणाली, "बाबा, आधी हात काढा. मग पोट काढा. पोट लास्टला काढा." ती हे शुद्ध मराठीत म्हणाली असती तरी मला तेवढंच लागलं असतं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. बदरुद्दीनभाई खुर्चीवर डोकं धरून बसलेले, शेजारी रुबिना नखं खात. सल्ल्यांना तोटा नव्हता. तानाजी म्हणाला, दादीला खुर्चीत बसवू आणि चौघे मिळून पाच मजले उचलू. मी म्हणालो, जिन्याला वळणं आहेत, दादीचं वय आहे, आणि चौघांपैकी एक तुम्ही असाल. माझा विरोध आहे. भावना गजभिये म्हणाल्या, तारीख पुढे ढकला. रुबिना म्हणाली, "दादीला रविवारचं परतीचं तिकीट आहे, आंटी. आणि तिला तारीख बदललेली आवडत नाही. तिला काहीच आवडत नाही."

बदरुद्दीनभाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "सायब, तुमी शब्द दिलवतांव."

या वाक्यावर मला काही सुचलं नाही. हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो, कारण पुढे जे सुचलं ते वासंतीला सुचलं.

"दादीला वर नेता येत नाही ना?" ती म्हणाली. "मग साखरपुडा खाली आणा. इथेच. गाड्या काढा बाहेर. आणि पाणी नाही म्हणून काय रडताय? सगळ्या बिल्डिंगचं पाणी घराघरात आहे. आणा खाली."

"माझ्या मनात हेच होतं," मी म्हणालो, आणि तिसरं निवेदन काढलं.

शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर पार्किंग ओळखू येत नव्हतं. हवा बरी होती. गाड्या रस्त्यावर, खाली सतरंज्या आणि गालिचे, खांबांना रुबिनाच्या मैत्रिणींनी लावलेले दिवे. आणि भिंतीलगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाणी: ड्रम, बादल्या, पिंपं, कुकर, इडलीपात्र, फुलदाणी. पोहण्याच्या हौदात सरबताच्या बाटल्या गार होत होत्या. प्रत्येक भांड्यामागे त्याचा मालक उभा. एवढं जपून भरलेलं पाणी, ते नजरेआड करायची कोणाची तयारी नव्हती.

सोहारच्या गाड्या आल्या. आधी मंडळी उतरली, मग झैन, आणि शेवटी त्याच्या हाताला धरून गुलबानू दादी. बारीक, ताठ, पांढरी ओढणी. तिनं मान वर करून पाच मजले पाहिले. चेहरा घट्ट झाला. मी झैनकडे बघितलं, झैन जमिनीकडे बघत होता.

"वर जायाचा?" दादीनं विचारलं.

बदरुद्दीनभाई पुढे झाले. घामाघूम. "दादी, माफ करा, लिफ्ट बंद पडली. वर न्हेता येत नाय. म्हनून हितंच..."

"लिफ्ट नाय?"

"नाय, दादी."

दादीनं पुन्हा एकदा वर पाहिलं. मग खुर्चीत बसली, आणि तिच्या तोंडावर हळूहळू असं काही पसरलं की मला आधी ते हसू आहे हे कळलंच नाही.

"अल्ला, तुजी मेहेर," ती म्हणाली. "म्हागच्या साली त्या मस्कतवाल्यांनी मना त्या कपाटात घातलानी. दार लावलानी. आनि कपाट हाललं! माजा जीव गेलाच व्हता. सगली म्हनतात गुडगं. गुडग्यांना काय धाड भरली? मी म्हसल्यात रोज डोंगर चडते. पन कपाटात मी जानार नाय."

तिच्या मुलानं तोंडाचा आ केला. "अम्मा, आधी सांगायचंस ना!"

"भिते म्हनून सांगू? तुमाला?"

जेवायला बसायच्या आधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायची त्यांच्याकडे रीत. लोटा आणि परात घेऊन घरातला पुरुष फिरतो. बदरुद्दीनभाई अजून घामच पुसत होते, म्हणून लोटा मी घेतला. दादीच्या हातावर धार धरली. तिनं भिंतीलगतच्या पिंपांकडे, त्यामागे उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं आणि विचारलं, "येवढी मानसं पानी घेऊन उबी का?"

कोणी उत्तर देण्याआधी रुबिना म्हणाली, "तुमच्यासाठी, दादी." त्या पोरीला मी निवडणुकीत माझी प्रचारप्रमुख करणार आहे.

"आनि ह्यो कोन?"

"हे ओव्हाळ सायब. आमच्या बिल्डिंगीचे आमदार," बदरुद्दीनभाई म्हणाले.

दादीनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "आमच्याकडं पान्याचा शब्द देनारे लई बगितले," ती म्हणाली. "हातावर घालनारा पयलाच." आणि रुबिनाकडे वळून तिनं मान डोलावली. एकदाच. झैननं इतक्या वेळचा श्वास सोडला तो मला ऐकू आला.

तानाजी माझ्या कानाशी म्हणाला, "लिफ्ट मी बंद पाडली. झाकण माझं होतं. हे निवेदनात येऊ दे." मी म्हटलं, श्रेयाचं नंतर बघू.

रविवारी माणसं आली. पंप बदलला, लिफ्ट कोरडी झाली, टँकर आला, टाकी काठोकाठ भरली. बिल्डिंगला कुठला रंग द्यायचा यावर अर्बाबांची नवी बोलणी सुरू झाल्याचं खमीसनं सांगितलं, पण ते मी सध्या जाहीर करत नाही. मी स्वच्छ शर्ट घालून चौथं निवेदन लिहिलं, आजवरचं माझं सर्वात आत्मविश्वासपूर्ण:

'मतदारहो, पाणीपुरवठा पूर्ववत सुरू झाला आहे. यापुढे तो खंडित होणार नाही. कोणीही पाणी भरून ठेवू नये. आपला, प्रफुल्ल ओव्हाळ.'

पाठवलं. थोड्या वेळानं दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे सगळ्यांनी वाचलं. आणि त्यानंतर बाथरूमच्या डक्टमधून आवाज यायला लागला. आधी पहिल्या मजल्यावर, मग वर, मग अजून वर. एकामागून एक नळ सुटत होते.

"ऐकलंस?" मी समाधानानं वासंतीला म्हणालो. "संदेश सगळ्यांपर्यंत पोहोचला."

"हो," बाथरूममधून आवाज आला. "जरा ती दुसरी बादली सरकवा. ही भरत आली."